बाईंनी टाकलेली चटई

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो गावच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंचा. मी रडायचो म्हणून त्यांनी माझ्या आईला आठवडाभर वर्गात बसू दिलं. ती मागे शेंगा फोडत बसायची.

कोपरखैरण्यात माझ्या मुलीचा पहिलीचा पहिला दिवस. शिपायाने तिला माझ्या हातातून ओढून फाटक लावलं. ती आत किंचाळत होती.

"मॅडम, थोडा वेळ तिच्याजवळ बसू द्या," मी फाटकाआड उभ्या असलेल्या तिच्या वर्गशिक्षिकेला म्हणालो.

"तुमच्या लाडांनीच पोरं बिघडतात. निघा इथून!"

"निघतो, पण पोरीला घेऊन," मी ओरडलो, फाटक उघडायला लावलं आणि तिला घरी आणलं.

दुपारी गावी पत्र लिहिलं:

"बाई, मी दुसरी शाळा शोधतोय. आई-बापाला वर्गात बसू देता का, हेच आधी विचारणार आहे. माझ्या आईने तर विचारलंही नव्हतं. तुम्हीच तिच्यासाठी चटई टाकलीत."