ओवाळण्यापुरता हात

मानवी शरीर ही निसर्गाची सर्वांत निर्दोष रचना आहे, हे वाक्य मी तिसगावच्या हायस्कुलात नववीच्या वर्गाला दरवर्षी उतरवून देत असे. बहात्तरच्या दिवाळीनंतर माझ्या बायकोचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हाही मी ते बदललं नाही. परीक्षेत ते हमखास विचारलं जायचं.

हात असा का झाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती. दुष्काळ होता, टँकरचं पाणी होतं, म्हणून आधी हंड्यावर संशय घेतला. पण हंडा ती डाव्या कडेवर घ्यायची. नगरच्या दवाखान्यात कंपाउंडरने तिला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या जागी मीही तसंच पाहिलं असतं.

डॉक्टरांच्या दारावरची पाटी वाचायला वेळ लागेल इतक्या त्यांच्या पदव्या होत्या. त्यांनी हात वर केला, मागे नेला, बायको कळवळली तेव्हा समाधानाने मान हलवली आणि खांदा गोठला आहे म्हणाले. चैत्राचं ऊन होतं, पंखा गरम वारा फेकत होता. मी विचारलं, कशाने गोठला? ते म्हणाले, ते सांगता येत नाही. कधी सुटेल? तेही सांगता येत नाही. मात्र हात हलवत राहायचा, भिंतीवर बोटांनी चढत जायचं, हे त्यांनी ठासून सांगितलं. सोबत खांद्यात एक इंजेक्शन आणि जेवणानंतरच्या पिवळ्या गोळ्या. गोळ्यांनी दुखणं थोडं कमी व्हायचं आणि पोटात जळजळ सुरू व्हायची. म्हणजे दुखणं गेलं की जागा बदलून बसलं, हे आम्हाला ठरवता येईना.

गावातल्या वैद्यांनी इंजेक्शनचं नाव ऐकून डोळे मिटले. हा वात आहे म्हणाले. हात अजिबात हलवायचा नाही, झोळीत बांधून ठेवायचा, निरगुडीच्या पाल्याने शेकायचा आणि दुधातून एरंडेल घ्यायचं. निरगुडी जनावरं खात नाहीत, त्यामुळे त्या वर्षी ओढ्याकाठी हिरवं असं तेवढंच उरलं होतं. मी पोतं भरून पाला आणला. सकाळी डॉक्टरांचं ऐकून बायको भिंत चढायची, संध्याकाळी वैद्यांचं ऐकून हात बांधून बसायची. कोणाचं चुकतंय हे कळेपर्यंत दोघांचंही पाळावं, असा माझा विचार होता. आता तो मला फारसा शास्त्रीय वाटत नाही.

तिला घाई होती, आणि ती दुखण्याची नव्हती. जामखेडला तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. आई लहानपणीच गेलेली, त्याला हिनेच वाढवलेलं; म्हणून वरमाईचा मान हिचा. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळाला निघतो तेव्हा त्याला वरमाई ओवाळते. तबक दोन्ही हातांनी घोड्यावरच्या माणसाच्या तोंडापर्यंत न्यावं लागतं. डाव्या हाताने ओवाळणं अशुभ. हाताची बातमी जामखेडला पोचल्यावर तिच्या चुलतीने तत्परतेने निरोप धाडला की जमत नसेल तर जिवाला त्रास करून घेऊ नकोस, मी आहेच.

"तिला माझ्या भावाचा वाढदिवसही माहीत नाही," बायको म्हणाली. मग उठून पुन्हा भिंत चढायला लागली.

तिचे केस त्या दिवसांत मी विंचरत असे. दार लावून. शिक्षकाने बायकोची वेणी घालणं हे गावात कळलं असतं तर माझ्या शरीरशास्त्रावरचा मुलांचा विश्वास उडाला असता. माझी वेणी पहिल्यापासून एका बाजूला झुकायची. ती आरशात बघून नुसतं "असू द्या" म्हणायची.

घरमालकीणबाईंना मात्र भिंतीपलीकडून सगळं कळत असे. त्या एक दिवस येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुमी नगरला पैसं घालवताय अन् पायाळू मानूस आपल्याच घरात हाय." जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू; त्याने लाथ मारली की भरलेली उसण उतरते, हे मला ठाऊक होतं. पण उसण कमरेत भरते. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "कमरंतनं वर सरकली आसंल."

डॉक्टरांनी एवढंही कारण दिलं नव्हतं.

पायाळू म्हणजे त्यांची नवी सून. पंचमीला, सडा घातल्यावर, बायको अंगणात पाटावर बसली. सून लाथ मारायला तयार होईना; वडीलधाऱ्या सवाष्णीला पाय लावायचा म्हणजे पाप. शेवटी असं ठरलं की तिने आधी पाया पडायचं, मग लाथ मारायची, मग परत पाया पडायचं. लाथ कसली, तिने खांद्याला अंगठा टेकवला आणि लगेच वाकली. बायकोने आशीर्वाद द्यायला हात उचलला, तो वर जाईना. तिने डाव्या हाताने दिला. घरमालकीणबाईंनी तो चालवून घेतला.

दुपारी सून एकटीच आली. "बाई, रागावू नगा. मी पायाळू न्हाई. माझा थोरला भाऊ हाय."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सासूबाईंना कोन सांगनार? सोयरीक जुळली तवापासनं त्या गावभर सांगत्यात."

बायको खूप दिवसांनी हसली. त्या दुपारी तिला छान झोपही लागली, याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही.

दुष्काळामुळे लग्न वर्षभर पुढे गेलं. त्या वर्षात खांदा जसा गोठला तसाच, काही न सांगता, सुटू लागला. एका सकाळी तिने स्वतः अंबाडा घातला. वाकडाच, पण माझ्यापेक्षा सरळ. वैद्य म्हणाले, निरगुडी. डॉक्टर म्हणाले, व्यायाम. घरमालकीणबाई नुसत्या सुनेकडे बघून हसल्या. सून खाली बघत राहिली.

पूर्ण मात्र सुटला नव्हता. हात कपाळापर्यंत जायचा आणि अडायचा. जामखेडला जाताना एसटीत ती खिडकीच्या दांडीला धरून तो ताणत होती. लग्नघरी चुलती नवं लुगडं नेसून, तबक भरून तयारच होती. बायकोने तिच्या हातातून तबक घेतलं. मी मांडवाच्या खांबाला टेकून बघत होतो. दिव्याची ज्योत भावाच्या तोंडापर्यंत गेली, फिरली, पुन्हा फिरली. भावाचे डोळे भरून आले, बायकांचे आले, चुलतीनेही पदर लावला. माणसाच्या इच्छेपुढे शरीर नमतं, असं काहीतरी मला त्या क्षणी वाटून गेलं.

घोडेवाल्याने घोडा दुष्काळात विकला होता. भाऊ बसला होता ते तट्टू होतं, आणि त्याचे लोंबते पाय जमिनीपासून वीतभरच वर होते.