न भिजलेला डिंक

मे महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळ. हजर: नाना, त्यांची मुलगी शैला, टेम्पोवाले शेखभाई आणि मी. काम: नानांना सामानासकट शैलाकडे पुण्याला पाठवणं. माझ्या यादीत सर्वांत वर टपाल तिकिटांचा अल्बम होता. तो शैला मांडीवर घेऊन जाणार होती.

नाना गंगापूरला शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्तीनंतर ते बायपासपलीकडच्या आमच्या नव्या वसाहतीत आले, तेव्हा इथं दिवे होते, रस्ते होते, नळ नव्हते. दुष्काळात टँकरच्या पाळ्या मी लावायचे. हंडा भरून झाला की नाना हात कोरडे करत आणि मला अल्बम बघायला बोलावत. त्यात फक्त झेंड्याची आणि राजमुद्रेची तिकिटं. स्वातंत्र्याच्या वेळचा तिरंगा, अशोकस्तंभ, प्रजासत्ताकाच्या वर्धापनांची. सगळी कोरी, मागचा डिंक शाबूत. मी जरा वाकले की नाना ओरडायचे, "ओ बाई, लांबून! श्वासाची वाफ लागंल. डिंक भिजला की तिकीट मेलं!"

पाऊस न झालेल्या वर्षी वसाहतीत एकटे नाना खूश असत. "हवा कोरडी हाय. माझ्या डिंकाला लई मानवती."

त्या सकाळी शैलानं अल्बम उघडला. पहिलं पान रिकामं. दुसरं रिकामं. तिनं भराभर सगळी पानं उलटली आणि होती तिथंच फरशीवर बसली.

"नाना, चोरी झाली!" मी ओरडले.

शेखभाई दारातच थबकले. "माँ कसम, मैं तो अभी आया!"

नानांनी चहा बशीत ओतला. "चोरी कसली? पोस्टात टाकली. पाण्याच्या अर्जावर."

नळासाठी महापालिकेला अर्ज मीच लिहायचे. नाना ते घेऊन औरंगपुऱ्याच्या पोस्टात जायचे आणि मी यादीत 'रवाना' अशी खूण करून मोकळी व्हायचे.

"साधं तिकीट लागतंच," नाना सांगत होते, "त्याच्या बाजूला ह्यातलं एक. नुसता लिफाफा सायेब न उघडता टाकून देईल. वर राजमुद्रा असली तर फेकायची हिंमत व्हईल का?"

"आणि डिंक?" शैलानं रिकामं पान नानांपुढं धरलं.

"जिभेनं भिजवला. काय करता, घरात पाणी नव्हतं."

कुणी हसलं नाही. एकाही अर्जाला उत्तर आलं नव्हतं, हे नानांनाही ठाऊक होतं.

टेम्पो सुरू झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून बटरपेपरची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. आत तिरंगा होता, कोरा.

"शेवटचं हाय. आता तुम्हीच टाका. अन् नीट भिजवा बाई, वाटंत सुटाय नको."

आता वसाहतीच्या चारी बाजूंना इमारती उठल्या आहेत. टँकर तोच आहे. अर्ज लिहून झाला, लिफाफ्यावर पत्ता घातला, साधं तिकीटही लावलं. तिरंगा अजून पुडीत आहे. रोज हात कोरडे करून पुडी उघडते, आणि श्वास रोखून तशीच मिटते.