पगारेंचा डोळा कोरडा झाला तेव्हा

भास्कर पगारे गेल्याचं मला घोटीच्या एस.टी.त कळलं. आमच्या कचेरीतला जुना शिपाई शेजारी येऊन बसला. "भाऊसाहेब, आपले पगारे गेले. तुम्हाला नाय कळवलं कुणी?" मला कोण कळवणार...

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो, पगारे माझ्या हाताखाली कारकून. लहानपणी विटी लागून त्यांचा डावा डोळा गेला होता, तिथे कृत्रिम डोळा बसवलेला. तो अगदी खऱ्यासारखा दिसायचा, पण त्यातून सारखं पाणी यायचं, कधी चिकट, पिवळसर. हातात रुमाल कायम. "काय पगारे, माहेर सुटलं का?" असं कुणी म्हटलं की तेही हसायचे. "अर्धंच. दुसरा डोळा अजून माहेरीच आहे."

एके दिवशी मी शिपायाला सांगितलं, पगारेंचा कप वेगळा ठेव, डोळ्याची लागण होते. खिडकीत एक कान तुटलेला कप आला. पगारे बौद्ध होते. आमच्यातल्या काहींना त्यांच्या कपाची अडचण आधीपासूनच होती आणि खरं सांगायचं तर मलाही. उघड बोलायची सोय नव्हती. डोळ्याने ती करून दिली.

पगारे डॉक्टरांना भेटून आले. "भाऊसाहेब, डोळा गेला तरी पाणी तयार होतच राहतं. ते नाकात उतरायची नळी माझी बंद झालीय, म्हणून गालावर येतं. कुणाला काही होत नाही त्यानं." मी म्हणालो, "मला पटतंय हो, पण इतरांचं काय?" इतर म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. नाकाजवळचं हाड कोरून पाण्याला नवी वाट काढली. सूज उतरल्यावर कामावर आले आणि चहाच्या वेळी आपला रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. कोरडा, इस्त्रीची घडीही न मोडलेला.

"आता, भाऊसाहेब?"

सगळे फायलींत डोकं घालून बसले. शिपाई किटली धरून माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "राहू दे ना पगारे. सवय झालीय सगळ्यांना."

त्यांनी रुमाल उचलला. त्यानंतर त्यांनी कचेरीत कधी चहा घेतला नाही. माझ्याशी बोलणं कामापुरतं, पण शेवटपर्यंत अदबीचं...

परवा शोकसभेत एक वक्ते म्हणाले, पगारेंना कसलंच व्यसन नव्हतं, चहाचंसुद्धा. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

नंतर त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा आणला. म्हणाल्या, "यांना घरी आल्या आल्या, बूट काढायच्या आधी चहा लागायचा. मोठा पेला भरून. ऑफिसातला अगदी पाणचट असतो म्हणायचे. खरंच का हो, भाऊसाहेब?"

मी "हो" म्हणालो.

वहिनी, तेही खोटं होतं. आमच्या कचेरीतला चहा चांगला असायचा.