अंगणातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड

जव्हारच्या एका दुकानासाठी मी कॅमेरे आणि राउटर बसवते. शिडीवर मीच चढते, ड्रिलही मीच धरते. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे सांगायला मी लाजत नाही. पण हल्ली या कामाचा शीण येतो. बसवण्याचा नाही, बसवून झाल्यावर तेच तेच सांगण्याचा. "पासवर्ड बदला. कोणाला देऊ नका." लोक मान हलवतात, आणि देतात.

का देतात तेही मला ठाऊक आहे. दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जातात. आई निघताना दाराच्या कडीला सुतळी बांधायची आणि मागे राहिलेल्या शेजारच्या म्हातारीला सांगायची, "बघत राहा गं." एकदा बाबांनी बाजारातून कुलूप आणलं, तर म्हातारी आईला म्हणाली, "कुलूप कोणासाठी? मी हाय ना हितं?" आणि मग कितीतरी दिवस आमच्या दारात आलीच नाही. कुलूप गेलं, सुतळी आली. जितके जास्त डोळे, तितकं घर सांभाळलेलं, असं आमचं गणित. इंटरनेटवर ते बरोबर उलटं पडतं. हे समजायला मला कॉलेज लागलं; दुसऱ्याला समजवायला कॉलेजही पुरत नाही.

खोडाळ्याच्या पुढे मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या अंगणात मी कॅमेरा लावला होता, जेवणाच्या ओट्याकडे तोंड करून. फोनवर चित्र दिसतं, आणि फोनमध्ये बोललं की कॅमेऱ्यातून आवाज येतो, असला. अधीक्षिका बाई आमच्याच भागातल्या. त्यांनी पासवर्ड भट्टीवर गेलेल्या पालकांना देऊन टाकला. पालकांकडे साधे फोन, म्हणून तो मुकादमाच्या फोनवर गेला, आणि मुकादमाचा फोन अख्ख्या भट्टीच्या हातात. संध्याकाळी काम सुटलं की आया त्याच्याभोवती गोळा व्हायच्या आणि इकडे कॅमेरा बोलायला लागायचा, "जेवलीस का गं? केस का नाय विंचरले?" मुली ताट धुऊन झालं की कॅमेऱ्याकडे बघून हात करायच्या. कोणाची आई बघत असो नसो, सगळ्या करायच्या.

हे मी पाहिलं तेव्हा बाईंना म्हटलं, "बाई, हे बरं नाही. कोण बघतंय ते तुम्हाला कळणार कसं?"

"ताई, तू कॅमेरा चोरासाठी लावलास. मी तो आयांसाठी ठेवलाय."

मी उत्तर दिलं. लांबलचक दिलं. बाईंनी ते सगळं ऐकून मला चहा दिला.

होळीला थोडे दिवस होते तेव्हा बाईंचा फोन आला. आवाज बसलेला. आदल्या संध्याकाळी कॅमेऱ्यातून एक पुरुष हिंदीत बोलला होता. सहावीतल्या एका मुलीला त्याने जवळ बोलावलं. गाव कोणतं, होळीला घरी कधी जाणार, सोबत कोण असतं, सगळं विचारलं. कोणाचा तरी बाप असेल म्हणून तिने नीट उभं राहून सगळं सांगितलं. शेवटी मागची एक मोठी मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "तुम्ही कोणाचे बाबा?" तो हसला आणि आवाज बंद झाला. तीच मुलगी बाईंकडे पळत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गेले. बाई ओट्यावर बसल्या होत्या.

"कोण असेल गं?"

"कोणीही. भट्टीवरचा असेल, नाहीतर भट्टीवरच्या कोणी पासवर्ड पुढे दिला असेल."

"आता बोल, तू सांगितलं होतं म्हणून."

"नाही बोलत, बाई."

कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला, राउटरचाही. जोडलेले सगळे फोन काढून टाकले, कॅमेऱ्याचं अडलेलं अपडेट पुरं केलं, बोलायची सोय बंद केली. काम एवढंच. पोलिसांत तक्रार दिली; तो कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही. होळीला त्या मुलीला एकटीला एसटीत बसवायचं नाही असं ठरलं, मामा येऊन घेऊन गेला.

पासवर्ड बदलला त्याच संध्याकाळी मुकादमाच्या फोनवरून एका आईने मला फोन केला.

"ताई, पोर दिसं ना. कॅमेरा बिघडला काय?"

"बिघडला नाही, मावशी. तिकडून बघायचं मी बंद केलं." का ते सांगितलं. पलीकडे कोणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"त्या पोरीला काय झालं नाय ना?"

"नाही. बरी आहे."

"माझी बी तेवढीच हाय." मग म्हणाली, "म्हंजे तू कुलूपच घातलंस."

"हो मावशी. बाई रविवारी फोन लावतील, एकेकीला बोलायला देतील."

"रविवारी मुकादम बाजारला जातो," ती म्हणाली. मग वेळेचं ठरवताना आम्ही दोघीही दमलो.

आता पासवर्ड बाईंकडे होता आणि माझ्या फोनमध्येही जोडणी राहिली होती, नीट चालतंय का बघायला. पुढच्या आठवड्यात घरी भाकरी थापताना फोन उघडला. मुली ताटं धूत होत्या. एकेक उठली, कॅमेऱ्याकडे वळली आणि हात केला. आता आया बघत नाहीत हे बाईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं, तरी केला. त्या अंगणात बघणारा बाहेरचा एकच फोन उरला होता, तो माझा. पिठाच्या हातानेच मी ती जोडणी काढून टाकली.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. "ताई, चित्र अडकतंय का बघ ना जरा तुझ्याकडे."

"मला दिसत नाही, बाई. मी माझाही फोन काढला त्यातून. तुम्हीच बघून सांगा."

"दिसतंय. पोरी हात करतायत."

"मग ओट्यावर जा," मी म्हटलं, "आणि तुम्हीही त्यांना हात करा."