दवातली रेघ

गवतावर दव असलं की चेंडू आपल्यामागे रेघ ओढत जातो. आज सकाळी ती रेघ सरळ बाभळीच्या झुडपात शिरली होती आणि चेंडू मात्र दहा पावलं अलीकडे, कापलेल्या गवतावर साळसूदपणे बसला होता. झुडपापासून चेंडूपर्यंत कॅनव्हासच्या बुटांचे ठसे होते. तसले बूट तुकारामदादा घालतात.

वीस वर्षांनी मी गोल्फकडे परतलो, तेव्हापासून माझी बॅग तेच उचलतात. तीन महिन्यांत माझा स्विंग सुधारला, हे घरीदारी आणि दाताच्या डॉक्टरलाही, तोंड उघडं असताना, सांगून झालं होतं.

"दादा, हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, साहेब. मागल्या खेपेला झुडपात चेंडू शोधून कंटाळलात, ते वीस वर्षं तोंड नाही दाखवलंत!"

यावर रागवायचं तरी कसं? मग मी दवावर रागावलो. ऊन वर आल्यावर आलो असतो, तर मी अजूनही चांगला खेळाडू असतो. माझ्या गाण्याला मान डोलावणारी बायको आठवली, माझ्या विनोदांना हसणारं ऑफिस आठवलं. कुणी कुणी कुठून कुठे सरकवले असतील माझे चेंडू?

पुढचा फटका सगळा राग घालून मारला. चेंडू पुन्हा झुडपात. दादा झुडपाकडे निघाले.

मी पाठ फिरवली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ती सुटलेली नव्हती.