भुलाबाईला हॉल मिळाला

सिंधुताई नसत्या तर आमची गल्ली आजही भाताचा बांध असती, असं म्हटलं की कॉलनी समितीचे अध्यक्ष हिरालाल यांना राग येतो. येऊ द्या. राग आला की त्यांना घाम फुटतो, घामाबरोबर केसांचा काळा रंग कानामागून कॉलरीत उतरतो, आणि ते दृश्य पाहायला मला फार आवडतं.

सिंधुताईंचे यजमान रामाजी पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर होते. मूळचे तिरोड्याकडचे. रिटायर झाले आणि प्लांटच्या सेक्टरमधला क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यासोबतचे कोणी दुर्गकडे बोरसीला गेले, कोणी गावी परतले. रामाजींनी सेक्टरची शेवटची भिंत संपते तिथं नाल्याकाठी प्लॉट घेतला. लोक हसले. "डासांसाठी घर बांधून राहिले का जी?" असं मीच विचारलं होतं. त्यांनी कंपाउंडच्या आधी समोरच्या मोकळ्या जागेत, करंजाच्या झाडाखाली, ओटा बांधला. कारण बायकोनं विचारलं होतं, "भुलाबाई बसवाची कुठी? घरात पोरी मावत नाही."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भादव्यापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई नि भुलोबा मातीचे करून मांडतात, वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव. पोरी संध्याकाळी जमून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा झाकलेला. ज्या घरची खिरापत, ती बाई डबा हलवते, पोरी आवाजावरून, वासावरून नावं घेतात. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. इकडे छत्तीसगडात भाताचा मुलुख, ज्वारी कुठून येणार? म्हणून सिंधुताई नागपूरकडून येणाऱ्या ओळखीच्या रेल्वेवाल्यांकडून धांडे मागवायच्या. गार्डाच्या डब्यातून पाच धांडे येत, एखाद्या नवरदेवासारखे.

आणि खिरापतीत ही बाई महा लबाड. गुळाची गोड खुरमी असेल तर फडक्यात गुंडाळून आणायची, म्हणजे वाजायलाच नको. बेसनाच्या ठेठरीच्या डब्यात मुद्दाम दोन चिंचोके टाकायची. पोरी "शेंगदाणे! फुटाणे!" ओरडून घसा बसवायच्या आणि ही पदर तोंडाला लावून हसायची. आधी आपल्या मराठी पोरी होत्या, मग छत्तीसगढी आल्या, मग तेलुगू, बंगाली. शब्दाचा अर्थ न कळता तोंडपाठ गायच्या. त्यांना न्यायला आलेल्या आया ओट्यावर टेकायच्या, गप्पा लांबायच्या, आणि उठता उठता एखादी विचारायची, "इकडे एखादा प्लॉट मिळेल का हो?"

आमची गल्ली अशी वसली. कुठलं पत्रक नाही, फलक नाही. घरं आली, मग पिठाची चक्की, मग शिलाईवाली, मग शिकवणीचा क्लास. नाला तोच, डास तेच.

मग आला भूपेंद्र. सिंधुताईंच्या नणंदेचा मुलगा. आधी मोबाइल रिचार्ज विकायचा, मग जमिनी. अंगावर इतकं अत्तर मारतो की तो मोटारसायकल लावून उतरायच्या आत कुत्री शिंकतात. हा गिऱ्हाइकं आणायचा ती नेमकी भुलाबाईच्या संध्याकाळी. पोरी गात असायच्या आणि हा पाठीमागून बोट दाखवायचा, "देखिए सर, फॅमिली एरिया है. कल्चर है इधर."

एकदा सिंधुताईंनी ऐकलं.

"काय रे, माही भुलाबाई तू विकून राहिला का?"

"नाही मामी, मी तर तुहा प्रचार करून राहिलो ना!"

"मंग त्या साहेबाले सांग, नाल्याचा वासबी दाखवतो म्हणून."

"मामी, तू मजाक करते. वास तर सकाळी येते, पार्टी मी संध्याकाळी आणतो."

पार्ट्या आल्या. दोन मजली, तीन मजली घरं आली. गल्लीच्या तोंडाला लोखंडी गेट आलं, त्यावर सोनेरी अक्षरात कॉलनीचं नाव, आणि रजिस्टर घेऊन बसलेला चौकीदार. पलीकडच्या वस्तीतल्या पोरींना तो विचारायचा, "किसके यहाँ जाना है?" पोरी सांगायच्या, "भुलाबाई के यहाँ." तो घर नंबर मागायचा. ओट्याला चिकटून मोटारी लागल्या. भुलाबाईच्या फेरात कोणाच्या तरी मोटारीला बांगडी घासली, आणि समितीची मीटिंग भरली.

हिरालाल सफारी घालून सिंधुताईंच्या घरी आले. ओट्याची जागा ले-आउटमधली सार्वजनिक होती, पण गल्लीतल्या बायका सिंधुताईंचं ऐकत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय ओट्याला हात लागणं कठीण होतं.

"ताई, कब तक ये ओटे पे? सांस्कृतिक भवन बांधू. पंखे, माइक, स्टेज. भुलाबाईला हॉल मिळेल हॉल!"

"मले एकच पायजे. माह्या भुलाबाईचे जेवढे दिवस, तेवढे दिवस सांजेले तिथं दुसरं काही नको."

हिरालालनी छातीवर हात ठेवला. अंगठीतला पुष्कराज चमकला. "ताई, मेरी जबान."

सिंधुताईंनी हो म्हटलं. त्यांचं त्या हॉलमध्ये एवढंच अडकलेलं होतं, भुलाबाईची जागा. रामाजी जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. ओटा फोडला त्या दिवशी त्या घराबाहेर आल्या नाहीत. करंज कापला तेव्हा मात्र आल्या, आणि कापणाऱ्याला चहा देऊन गेल्या. असली बाई.

भवन झालं, आणि खरं सांगतो, तेव्हापासून 'सांस्कृतिक' हा शब्द ऐकला की मी नाकाला रुमाल लावतो. लग्नं, बारशी, रिटायरमेंट पार्ट्या. लग्नाचे दिवस नसले तर वाढदिवस आणि कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या सेल्समनांच्या मीटिंगा. सिंधुताईंच्या घरामागून जाणाऱ्या गटारीत पनीरचा तांबडा रस्सा वाहायचा, वर तेलाचा तवंग, त्यात भिजलेल्या थर्माकोलच्या वाट्या. उन्हं तापली की त्याला असा आंबूस वास सुटायचा की जेवताना घास तोंडातच फिरायचा. डुकरं आमच्या गल्लीत कधी नव्हती. आता ती संस्कृतीला आली. रात्री डीजे वाजला की सिंधुताईंच्या मांडणीवरची भांडी आपोआप थरथरायची. अध्यक्षांच्या घराकडे मात्र हॉलची मागची भिंत, तिला खिडकीच नाही. केवढी दूरदृष्टी!

भादवा लागला. सिंधुताई तारखा विचारायला गेल्या, तर सगळ्या संध्याकाळी बुक. नवरात्रात गरबा. शेवटी कोजागिरीला पंधरा मिनिटं मिळाली, हिरालालच्या भाषणानंतर आणि डान्स स्पर्धेच्या आधी. पत्रिकेत छापलं, 'पारंपरिक प्रस्तुती'. वर आणखी एक अट: भवनात बाहेरचं खाणं आणायचं नाही. खिरापत हॉलचा केटरर देईल.

"खिरापत दुसऱ्याची?" सिंधुताई मला म्हणाल्या. "मंग मले काय माहीत असन त्यात?"

"नसनच," मी म्हटलं. "तुम्ही पण ओळखा पोरींसंगं." मला वाटलं होतं हसतील. हसल्या नाहीत.

कोजागिरीला पोरी स्टेजवर ओळीनं उभ्या केल्या. फेर धरायला जागा नव्हती, मधे डीजेचे स्पीकर. नात रोशनीच्या हातात माइक दिला तर तो किंचाळला. दोन गाणी झाली न झाली, सूत्रसंचालक घड्याळ दाखवू लागला. केटररच्या माणसानं चंदेरी कागदात गुंडाळलेला डबा आणून दिला. सिंधुताईंनी तो कानाशी नेऊन हलवला. डबा वाजलाच नाही.

"बर्फी!" "खीर!" "लाडू!" पोरी ओरडत होत्या, आणि ही बाई त्यांच्याकडे बघत उभी. होय म्हणावं की नाही म्हणावं, तिलाच ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला डब्याला घाबरताना पाहिलं.

"खोल दीजिए आंटी, टाइम नहीं है," सूत्रसंचालक म्हणाला.

उघडला. आदल्या रात्रीच्या वाढदिवसाचा उरलेला केक. गुलाबी क्रीम पाणी सोडून पिवळं झालेलं, त्यात अर्धी जळकी मेणबत्ती, आणि एका तुकड्याला कोणाच्या तरी दातांचा अर्धचंद्र. आंबट वास पहिल्या रांगेपर्यंत आला. रोशनीनं नाक दाबलं.

सिंधुताई शांतपणे स्टेजवरून उतरल्या. पहिल्या रांगेत सोफ्यावर हिरालाल बसले होते. त्यांच्यासमोर डबा धरला.

"अध्यक्षसाहेब, खिरापत हाय. पहिला मान तुमचा."

"अरे ताई, मुझे शुगर..."

"देवीच्या खिरापतीले नाही म्हनत नाही जी."

सगळे मोबाइल वर झाले. हिरालालनी तुकडा उचलला, हात जोडले आणि गिळला. कानामागून काळा ओघळ निघाला. मी तर मान खाली घालून इतका हसलो की ठसका लागला. घरी आल्यावर मात्र सिंधुताई परसात बसून बराच वेळ हात धूत होत्या. साबण लावायच्या, वास घ्यायच्या, पुन्हा धुवायच्या.

आता खरी शिसारी पुढेच आहे. त्या रात्रीचा व्हिडिओ भूपेंद्रनं आपल्या जमिनींच्या जाहिरातीत टाकला. 'अध्यक्ष स्वयं पारंपरिक प्रसाद ग्रहण करते हुए.' खाली पार्श्वसंगीत. लोकांना आवडला! जामुलहून, दुर्गहून चौकशीचे फोन आले. आंबट केकानं आमच्या गल्लीचा भाव चढला. व्हिडिओ रोशनीनं दाखवला तेव्हा सिंधुताईंनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "हे तर भुलाबाईलेबी खाऊन टाकतीन."

पुढच्या वर्षी त्यांनी कोणाला तारखा विचारल्या नाहीत. धांडे आले ते पोत्यात झाकून. गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, तर "आता होत नाही माह्याच्यानं" म्हणून गुडघे दाखवले. गल्लीनं विश्वास ठेवला. मी शेजारी, भिंत अर्ध्या विटेची, मला कोण फसवणार?

कोजागिरीच्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात पाच पोरी होत्या. खिडकी लावलेली, गॅसवर कुकर चढवलेला, शिट्ट्यांच्या आड गाणं. तेवढ्यात बाहेर मोटार थांबली, मागून भूपेंद्रची मोटारसायकल, आणि अत्तराचा लोट आला. भूपेंद्रसोबत एक तरुण जोडपं होतं. बाईच्या हातात मोबाइल, त्यात तोच व्हिडिओ.

"मामी! जरा बाहेर ये. या मॅडमले भुलाबाई दाखवाची हाय. घर फायनल करून राहिले."

गाणं थांबलं. सिंधुताई बाहेर आल्या आणि पाठीमागं दार ओढून घेतलं.

"आंटी, आज वो फेस्टिवल है ना?" त्या बाईनं हौसेनं विचारलं.

"कोन सा फेस्टिवल?" सिंधुताई म्हणाल्या. "यहाँ कुछ नहीं होता बेटा. पीछे नाली है, सुबह आ के सूंघ लेना. रात को डीजे बजता है. पूछ लो इनसे."

मी कंपाउंडच्या भिंतीवरून मान डोलावली. मनापासून.

जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं आणि मोटारीत बसलं. भूपेंद्र कळवळला. "मामी, आपल्याच घराचा भाव तू पाडून राहिली! कावून?"

"पडू दे," सिंधुताई म्हणाल्या. "पूर्ण पडू दे."

त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि मोटारीमागं धावला. त्या आत गेल्या. दार लागलं. आतून एक पोरगी कुजबुजली, "आजी, टाळ्या वाजवू का?"

"वाजव. पन एका बोटानं."