तेवीस चिंचोके

फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या घरी भाजी निवडत होते. नेहमीसारखा उजव्या कानाला लावला. पलीकडे आत्याकडे कामाला येणाऱ्या सुमनताई होत्या. "ताई, आत्याबाई गेल्या हो…" मला रडू आलं नाही. त्याला आता महिना होऊन गेला.

आत्या शाळेत चौथीला गणित शिकवायची आणि सुट्टीत शनिवार पेठेतल्या आपल्या खोलीत मला. तिचा हात फार चालायचा. पट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यांवर मारायची. तोवरचे माझे सगळे भागाकार बाकी न उरता सुटणारे होते, त्यामुळे काही उरलं म्हणजे आपलंच चुकलं, हे मी धरून चालले होते. एके दिवशी तिने तेवीस चिंचोके पुढ्यात टाकले, चौघांत सारखे वाट म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. प्रत्येकी पाच झाले, तीन उरले. पुन्हा वाटले, पुन्हा तीनच. तिची पावलं ऐकू आली तसे मी ते तिन्ही तोंडात टाकले.

तिने ढीग मोजले आणि तीन कुठे गेले विचारलं. मी नुसती मान हलवली. डाव्या कानाखाली अशी बसली की मी भिंतीवर आदळले आणि चिंचोका घशात अडकला. श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आत्याने मला कमरेत वाकवलं आणि पाठीत गुद्द्यावर गुद्दे घातले… मारायचा तोच हात, तोच दणका. दोन चिंचोके पडले, मग रक्ताळलेल्या थुंकीबरोबर तिसरा. तिने ते पदराला पुसून ढिगांशेजारी ठेवले. "उरले तर उरू द्यायचे. लपवायचे नाहीत."

त्यानंतर तिने मला बोटही लावलं नाही. कान मात्र पंधरा दिवस वाहिला आणि कायमचा बंद झाला. सर्दीने ठणकतोय, असं मी घरी म्हणाले, पुढे ऐकू येत नाही हे कुणालाच सांगितलं नाही. आयुष्यभर तिच्यावर मनातून धुमसत राहिले आणि दर रविवारी तिच्याकडे जातही राहिले. हे कसं, ते मला अजून सांगता येत नाही.

शेवटच्या रविवारी ती पलंगावर पडून होती. सुमनताईंनी माझ्यासाठी शेजारी खुर्ची ठेवली. आत्या डोळे न उघडता म्हणाली, "अशी नको. फिरवून ठेवा. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

तुला कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं.

"मारलं तेव्हापासून."

आणखी एका वाक्याची मी वाट पाहत बसले. तिला झोप लागली.

परवा सुमनताई आणि मी तिची खोली आवरायला गेलो. खुर्ची अजून तशीच फिरवलेली होती. सुमनताई ती सरळ करायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि जाऊन बसले. रिकाम्या पलंगाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "आत्या, फार लागलं होतं गं."